पेनड्राइव्हवरचा पासवर्डचा बॅकअप ऐनवेळी उघडेल का?

प्रश्न: सर नमस्कार, आमचं हळदीचं अडत दुकान आहे. जीएसटी, ई-वे बिल, बँका, सगळे मिळून दीडशेभर पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये ठेवलेत. २०१९ च्या महापुरात कॉम्प्युटर गेला आणि पासवर्डची वही पण गेली, तेव्हापासून धास्तीच बसलीय. आता दर महिन्याला एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर टाकते, पण ती फाइल खरंच चालेल हे कसं कळणार?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर: ताई, दर महिन्याला फाइल काढता हे फार चांगलं करता, पण ती एकदा तरी उघडून बघितलीय का? माझंच सांगतो, मी दोन वर्षं कीपास या तशाच दुसऱ्या ॲपची फाइल जपून ठेवली होती, ऑफिसात रोज उघडायची, आणि घरच्या लॅपटॉपवर उघडेचना, कारण तिला पासवर्डसोबत एक की-फाइल (किल्लीसारखी वेगळी छोटी फाइल) लागते आणि ती फक्त ऑफिसच्या मशीनवर होती. ते मशीन आधीच गेलं असतं तर सगळं संपलं असतं, त्या रात्री झोप लागली नाही मला.

तुमच्या बाबतीत आधी एक्सपोर्टचा प्रकार बघा. एन्क्रिप्टेड जेसन (कुलूपबंद फाइलचा प्रकार) निवडलं की दोन पर्याय येतात, एक अकाउंटशी बांधलेला आणि दुसरा तुम्ही वेगळा पासवर्ड लावलेला. पहिला असेल तर ती फाइल फक्त त्याच अकाउंटमध्ये परत जाते, आणि मधे कधी अकाउंट बंद झालं किंवा एन्क्रिप्शन की (त्या कुलपाची अकाउंटमधली किल्ली) बदलली तर जुन्या फाइली कायमच्या बाद, आणि फाइल तर पेनड्राइव्हवर तशीच दिसत राहते, काही कळतसुद्धा नाही. म्हणून दुसराच घ्या. सीएसव्ही (कुलूप नसलेली साधी यादी) नको, ती कुणीही उघडून वाचू शकतं आणि कार्डांची माहिती त्यात येतच नाही.

आता खरी परीक्षा. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर कीपासएक्ससी टाका (कीपासच्याच जातीचं ॲप, नवं व्हर्जन घ्या, त्यात बिटवॉर्डनची फाइल घेता येते), मग नेट बंद करा, फोन बाजूला ठेवा आणि पेनड्राइव्हवरून फाइल आत घ्या. सगळ्या नोंदी आल्या का मोजा, मग नेट चालू करून बँक आणि जीएसटी धरून चार-पाच ठिकाणी खरोखर लॉगिन करा, नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. मालकांबरोबर ऑर्गनायझेशनमधून (बिटवॉर्डनमधल्या सामायिक खात्यातून) शेअर केलेले पासवर्ड तुमच्या एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात, आणि पॅनकार्डचे वगैरे फोटो जोडलेत ते पण जेसनमध्ये येत नाहीत. इथेच बरेच लोक फसतात. झालं की लॅपटॉपवर कीपासएक्ससीत तयार झालेली नवी फाइल पुसून टाका.

आणि मास्टर पासवर्ड (बिटवॉर्डन उघडायचा मुख्य पासवर्ड) आणि फाइलचा पासवर्ड, दोन्ही भरपूर अक्षरांचे ठेवा. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच ॲपच्या ग्राहकांच्या व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच चोरीला गेले होते, अशा वेळी तिजोरीला राखतो तो मास्टर पासवर्डच. तुमच्या पेनड्राइव्हचं पण तसंच, हरवला तर फाइलचा पासवर्डच आधार.

मास्टर पासवर्ड, फाइलचा पासवर्ड आणि टू-स्टेपचा रिकव्हरी कोड (ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरायचा कोड) कागदावर लिहून पाकिटात घाला, कारण फोन पण भिजला तर ओटीपी कुठून येणार. दुसरा पेनड्राइव्ह आणि हे पाकीट दोन्ही गावभागाबाहेर, विट्याला किंवा तासगावला विश्वासाचं कुणी पाव्हणं असेल तर त्यांच्याकडे, पण एकाच घरात नको. हे सगळं मे महिन्यात उरकून घ्या, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मग माल आणि दुकान हलवण्यातच जीव जातो.