अक्षरमांडणी : चित्राची कड आणि शिरोरेषा

प्रश्न : ताई, नमस्कार. वेताळ टेकडीवरच्या झाडांची छोटी पुस्तिका मी झी-लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं मांडायच्या संगणक-प्रणालीत) करतो आहे. डावीकडे पानाचं रेखाचित्र, उजवीकडे पहिल्या ओळीत झाडाचं नाव आणि खाली माहिती. आधी मजकूर चित्राच्या मध्यावर यायचा. मिनिपेजला (पानातल्या छोट्या चौकटीला) चौकोनी कंसात 'टी' (वरून जुळवण्याची खूण) दिला, तर तो थेट चित्राच्या तळापासून सुरू झाला. शेजारच्या एका विद्यार्थ्याने दोन्ही मिनिपेजच्या आरंभी शून्य पॉइंटांचा व्हीस्पेस (उभी मोकळी जागा) टाकायला सांगितलं, तेव्हा बरंच जमलं. पण 'पळस' आणि 'बहावा' ही नावं चित्राच्या वरच्या कडेला नेमकी लागतात, 'मेडशिंगी' आणि 'पांगारा' मात्र जरा खाली उतरतात. पानं समोरासमोर आली की डोळ्यांना खुपतं. माझं काय चुकतं आहे?
— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर : सर, तुमचं काही चुकलेलं नाही. नजर मात्र पक्की आहे तुमची. हा फरक बहुतेकांना दिसतच नाही, आणि दिसला तरी 'चालतंय' म्हणून पुस्तक छापायला जातं.

(आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. उलटी तिरकी रेघ आणि महिरपी कंस तुम्ही घालालच.)

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाची प्रुफं पाहिली, ती त्यांना आवडली नाहीत, आणि त्यातून 'टेक' ही अक्षरमांडणीची प्रणाली जन्माला आली. लाटेक त्याच्यावर उभं आहे. टेकच्या लेखी पानावरची प्रत्येक वस्तू म्हणजे एक पेटी: अक्षर पेटी, ओळ पेटी, चित्रही पेटी. या पेट्या शेजारी ठेवताना त्यांच्या आधाररेषा जुळवल्या जातात. रोमन अक्षरं या खालच्या रेषेवर उभी असतात, त्यामुळे त्या लिपीला ते सोयीचं आहे. चित्राची आधाररेषा म्हणजे त्याचा तळ. 'टी' दिल्यावर पहिल्या ओळीची आधाररेषा चित्राच्या तळाशी जुळली, म्हणून तुमचा मजकूर तिथून सुरू झाला.

शून्याचा व्हीस्पेस टाकल्यावर पेटीतली पहिली वस्तू ओळ राहत नाही, ती जागा होते. मग पेट्या वरच्या टोकाला जुळतात. आता पेच असा, की ओळीचं वरचं टोक त्या ओळीतल्या सर्वांत उंच खुणेवर ठरतं. 'पळस' आणि 'बहावा' यांच्या डोक्यावर काही नाही, म्हणून त्यांचं टोक म्हणजे शिरोरेषाच. 'मेडशिंगी'ला मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार आहेत, 'पांगारा'ला अनुस्वार. तिथे चित्राच्या कडेला मात्रेचं टोक किंवा टिंब जाऊन टेकतं आणि शिरोरेषा तेवढी खाली सरकते. देवनागरी वाचताना ओळीची वरची कड म्हणून डोळा शिरोरेषाच धरतो, मात्रा नव्हे. तुम्हाला खुपलं ते हेच.

माझ्या वडिलांचा नारायण पेठेत खिळ्यांचा (धातूच्या सुट्या अक्षरांचा) छापखाना होता. चित्राचा ब्लॉक मजकुराशेजारी बसवायचा झाला, की ते ब्लॉकच्या डोक्यावर एक बारीक लेड (शिशाची पट्टी) सरकवून त्याला किंचित खाली घेत, कारण खिळ्याच्या अंगात वर मात्रेची जागा धरलेली असते. मग प्रूफ काढून, पट्टी आडवी ठेवून बघत, की ब्लॉकची कड शिरोरेषेत आली का. मात्रा कडेच्या वर गेल्या तरी चालतील, रेषा मोडता कामा नये, असं ते खिळाजुळाऱ्यांना सांगत. मी आज तेच झी-लाटेकमध्ये करते.

तेव्हा मजकुराच्या मिनिपेजमधला व्हीस्पेस काढून टाका, चित्राच्याही. 'टी' दोन्हीकडे राहू द्या. न्यूलेंग्थने एक लांबी तयार करा, तिला 'शिरो' म्हणा. सेटटूहाइट वापरून तिच्यात 'म' या अक्षराची उंची भरा. 'म'च का, तर वर काहीच नाही. त्याची उंची म्हणजे शिरोरेषेची उंची. मोजताना झाडाचं नाव ज्या टायपात आणि ज्या आकारात आहे, तोच टाइप घ्या. नाव ठळक असेल तर 'म'ही ठळक. मग चित्र रेजबॉक्समध्ये (वस्तू वर-खाली सरकवणाऱ्या पेटीत) ठेवा आणि उचलण्याचं माप द्या: शिरो वजा हाइट, म्हणजे चित्राची स्वतःची उंची (वजाबाकी डायमएक्स्पर या लांब्यांचं गणित करणाऱ्या आज्ञेत). उत्तर ऋण येतं, म्हणजे चित्र खाली उतरतं आणि त्याची वरची कड शिरोरेषेवर येऊन थांबते. पहिल्या ओळीत मेडशिंगी असो की पळस, फरक पडत नाही.

व्हीस्पेस तसाच ठेवून पहिल्या ओळीत स्ट्रट (ठरावीक उंचीचा अदृश्य टेकू) घालूनही सगळी पानं सारखी होतील. पण ती कड शिरोरेषेच्या वर कुठेतरी अधांतरी राहते. मला ते पटत नाही.

वरची कड जुळली की खालचीही जुळवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. समजा ओळींमधलं अंतर १८ पॉइंट, शिरोरेषेची उंची ८ पॉइंट आणि चित्र ९ ओळींचं. मग चित्राची उंची ८ गुणिले १८, अधिक ८, म्हणजे १५२ पॉइंट, साधारण ५.३ सेंटिमीटर. आता चित्राचा तळ नवव्या ओळीच्या आधाररेषेवर बसेल. हा हिशोब टिकायला झाडाचं नाव मजकुराच्याच आकारात, फक्त ठळक ठेवा. नाव मोठं केलंत की पुढच्या ओळी घसरतात.

आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक चित्र एफबॉक्समध्ये (भोवती चौकट आखणाऱ्या पेटीत) घालून बघा, एफबॉक्ससेप (चौकट आणि चित्र यांतलं अंतर) शून्य करून. स्कॅन केलेल्या रेखाचित्राभोवती पांढरा कागद राहिलेला असतो. लाटेक त्या कागदाची कड मोजतं, रेखाटलेल्या पानाच्या टोकाची नव्हे. ट्रिम आणि क्लिप देऊन तो कापा. ट्रिमचा क्रम डावी, खालची, उजवी, वरची असा आहे. घाईत तो हमखास उलटा होतो.

प्रश्न : दोन मिनिपेज शेजारी ठेवली, दोन्हींची रुंदी ओळीच्या निम्मी. तरी दुसरं खाली का जातं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन्हींच्या मध्ये तुम्ही एंटर दाबलं आहे, आणि लाटेक त्याला शब्दांमधली एक जागा समजतं. निम्मं अधिक निम्मं अधिक ती जागा, हे एका ओळीत मावत नाही. पहिल्या मिनिपेजच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह लावा. त्याहून बरं म्हणजे रुंदी ओळीच्या ०.४८ करा आणि मध्ये एचफिल (आडवी पसरणारी मोकळी जागा) ठेवा, दोन्ही मजकुरांना श्वास घ्यायला जागा मिळेल. मध्ये कोरी ओळ सोडू नका, तिथे नवा परिच्छेद सुरू होतो. पहिल्याच्या आधी नोइंडेंट (परिच्छेदाच्या सुरुवातीची मोकळी जागा काढणारी आज्ञा) लिहायला विसरू नका.