झेरॉक्सला एकवीस वर्षे का लागली?

प्रश्न : कोरड्या छायाप्रतीचा शोध १९३८ चा, मग यंत्र बाजारात यायला १९५९ का उजाडले?

उत्तर : चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युतभारित केला, अक्षरे लिहिलेल्या काचेतून त्यावर प्रकाश पाडला आणि जेथे भार टिकला तेथे चिकटलेली भुकटी मेणकागदावर उतरवली. मात्र अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने व पुढे हॅलॉइड कंपनीने (हीच नंतर झेरॉक्स झाली) हे काम हाती घेतले, गंधकाऐवजी सेलेनियम वापरले आणि ‘९१४’ हे यंत्र घडवले. हे महागडे यंत्र भाड्याने देण्याची युक्ती मला शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.