लाइटचं उलटं काय?

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, पेपरात लाइटचा विरुद्धार्थी शब्द तिने हेवी लिहिला तर मार्क कापला, डार्कच पाहिजे म्हणे. बरोबर कोण?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, मुलगी बरोबरच आहे, डार्कपण बरोबर. मुळात हे दोन वेगळे शब्द, एक उजेडाचा एक वजनाचा, इंग्रजीत बोलता बोलता सारखे झाले, जर्मनमध्ये अजून वेगळेच आहेत, लिश्ट म्हणजे उजेड आणि लाइश्ट म्हणजे हलका. तुळशीबागेत आपण ओढणी लाइट कलरमध्ये दाखवा म्हणतो तिथे उलटं डार्क, दप्तर लाइट असेल तर हेवी, आणि झोप लाइट असेल तर डीप! नुसता शब्द देऊन उलटं विचारूच नये, वाक्य द्यावं. पेपर घेऊन बाईंना नक्की भेटा, लेकीचा मार्क तिला मिळायलाच हवा.