स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, पण भाऊ दिवसभर पडून असतो. घराबाहेर काही मदत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की गोळ्यांनी भावाला ऐकू येणारे आवाज थांबले, पण चार वर्षं झाली तरी सांगितल्याशिवाय तो अंघोळही करत नाही. त्याला कुठेतरी 'ठेवावं' का, की घरी राहूनच मदत घेतली तर खरंच फरक पडतो, हा तुमचा प्रश्न.

एवढ्या कारणासाठी ठेवू नका. माझ्या दादाचं अगदी हेच होतं आणि आम्ही तीन वर्षं त्याला आळशी म्हणत राहिलो. ते शब्द मला आजही बोचतात. न उठणं, न बोलणं, कशातच मन नसणं हासुद्धा आजाराचाच भाग आहे. भास गोळ्यांनी बहुतेकदा कमी होतात, हे मात्र तेवढ्यानं सहसा जात नाही.

फरक पडतो का, हे आपल्याकडेच तपासलं गेलंय. २००९-१०मध्ये गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथे 'कोप्सी' नावाचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २८२ रुग्ण होते. ९५ जणांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले, तर १८७ जणांना त्याबरोबर घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, साधी शिकलेली माणसं होती. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात ना ते पाहायचं, घरच्यांना आजार समजावून सांगायचा, रोजची कामं हळूहळू पुन्हा हातात द्यायची, सरकारी सवलतींचे कागद करून द्यायचे, असं त्यांचं काम. वर्षभरानंतर या गटाची लक्षणं थोडीच जास्त कमी झाली होती, पण रोजचं जगणं सांभाळण्यातला फरक त्याहून मोठा होता. सगळ्यात ठळक परिणाम तमिळनाडूत दिसला. चमत्कार नव्हे, पण तुमचा प्रश्न नेमका रोजच्या जगण्याचाच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

आमच्याकडे असा कार्यकर्ता नव्हता. आम्हाला सावरलं ते स्वमदत गटानं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', ही संस्था १९९७पासून आहे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून ती उभी केली. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पहिल्यांदा गटात बसले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे गेल्या महिन्यापासून चहाचा कप विसळून ठेवतो," आणि सगळ्यांनी मनापासून दाद दिली. घरी आल्यावर मी दादाला एकच काम दिलं: सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणं. पहिले दोन आठवडे मी सोबत गेले. नंतर तो एकटा जायला लागला, पण मध्ये खाडे झाले. खाडा झाला की बोलायचं नाही, हे शिकायला मला जास्त वेळ लागला.

कागदांचंही बघा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार येतो. सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्र देताना 'आयडियाज' नावाची मोजणी करतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम. कोप्सीतही हीच मोजपट्टी होती. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर बऱ्याच सवलतींसाठी अर्ज करता येतो. तिथे "तसा बरा आहे" असं सांगून येऊ नका. अंघोळ, जेवण, पैशांचा व्यवहार यांत कुठे आणि किती सांगावं लागतं, ते आठवडाभर वहीत लिहा आणि वही सोबत न्या. तीच डॉक्टरांनाही दाखवा.

गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय कमी करू नका. आणि रात्री-अपरात्री तुम्हालाच सहन होईनासं झालं तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि ती शुभंकरांसाठीही आहे.