जर्मनीत फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्टवर येऊ का, असं विचारणाऱ्या एका मित्राला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिथली कायमची नोकरी सोडायची आणि जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या एका प्रोजेक्टवर सहा महिन्यांच्या फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्टने यायचं. कंपनी आणि तुमच्यामधली एजन्सी म्हणते, "एक्स्टेन्शन मिळतंच." बरोबर पत्नी आणि दुसरीतला मुलगा. आणि अगदी शेवटी तुम्ही विचारलंय की दर सहा महिन्यांची ही टांगती तलवार आम्ही कशी सोसतो. व्हिसाचे फॉर्म, फी, कागदांची यादी सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. हे सगळं पत्र तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितोय.

एजन्सी खोटं बोलत नाही. चालू प्रोजेक्टवर एक्स्टेन्शन बहुतेक वेळा मिळतं. फक्त ते किती उशिरा मिळतं हे ती सांगत नाही. तुमचा टीम लीड ऑक्टोबरपासून म्हणत असतो, "तुम्ही हवेच आहात, काळजी करू नका." तो मनापासून म्हणतो, पण सही त्याची नसते. पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर व्हायचं असतं, मग कंपनीचा खरेदी विभाग पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर काढणार, तो एजन्सीकडे जाणार, एजन्सी तुम्हाला नवा करार पाठवणार. करार ३१ डिसेंबरला संपतो आणि ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात निम्मं ऑफिस रजेवर जातं. जानेवारी काम आणि पैशांविना कोरडा जाणं इथे नवीन नाही. तुमचं काम कितीही चांगलं असो, त्याचा या रांगेशी फारसा संबंध नसतो. हे मनाला पटायला मला फार वेळ लागला, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की चांगलं काम करणाऱ्याला कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट एजन्सी शक्यतो बोलतच नाही. सगळं सुरळीत चालू असतानाही एक दिवस एक्स्टेन्शन थांबतं, कारण तुम्ही तिथे फार दिवस राहिलेले असता. इथे पेन्शन विमा संस्था, डॉइचे रेंटनफरझिशरुंग, तपासू शकते की हा माणूस खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहे की नावापुरता. याला शाइनझेल्बश्टेंडिगकाइट म्हणतात. नावापुरता ठरला, तर कंपनीला मागच्या चार वर्षांपर्यंतचे सामाजिक विम्याचे हप्ते भरावे लागू शकतात, आणि जाणूनबुजून केलेलं सिद्ध झालं तर मुदत तीस वर्षांपर्यंत जाते. म्हणून मोठ्या कंपन्या घाबरतात. एजन्सीच्या पगारावर दुसरीकडे पाठवलेल्या कामगारांसाठी २०१७ पासून १८ महिन्यांची कायदेशीर मर्यादा आहे. ती फ्रीलान्सरला लागू होत नाही, तरी अनेक खरेदी विभाग स्वतःची अशीच एखादी मर्यादा ठेवतात. तुमच्या कंपनीत ती किती आहे, हे पहिल्या मुलाखतीतच विचारा. त्यांना माहीत असतं.

याच भीतीपोटी बाहेरच्यांना वेगळ्या रंगाचा बॅज मिळतो. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात तुमचं नाव नसतं, विभागाच्या ख्रिसमस जेवणाला बोलावणं नसतं, कारण बोलावलं तर तुम्ही कर्मचाऱ्यासारखे दिसाल. मागची दोन वर्षं ज्यांच्याशी रोज डोकं फोडलं ते सगळे त्या संध्याकाळी कोट चढवून जेवणाला निघतात आणि तुम्ही ट्रेन पकडता. नियम समजतो, तरी लागतं.

आता सोसण्याचं. मी करारावर लिहिलेली तारीख हीच खरी मानतो. "नक्की वाढवू" हे कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी मी ते हिशेबात धरत नाही. तारखेच्या दोन महिने आधी मी शोध सुरू करतो, एक्स्टेन्शनची खात्री असली तरी. एजन्सीला तसं सांगतो. तिला राग येत नाही, उलट ती जरा लवकर हलते. टीम लीडला "वाढणार का?" असं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. "पीओची विनंती खरेदीकडे गेली का?" असं विचारतो. या प्रश्नाला हो किंवा नाही यापलीकडे उत्तर नसतं. आणि काही खुणा असतात: तुमच्या लॉगिनची मुदत कधीपर्यंत वाढवली आहे, पुढच्या तिमाहीच्या नियोजनात कामांसमोर तुमचं नाव लिहिलंय का, तुमची सुट्टी कोणी विचारली का. चांगला मॅनेजर जे सांगू शकत नाही ते इथे दिसतं. २०२४ पासून वाहन उद्योगातल्या अनेक कंपन्यांनी बाहेरच्या लोकांवरचा खर्च कापायला सुरुवात केली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना आधी लॉगिनवरून कळलं, ईमेल नंतर आली.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण तो भाग सुटतो. इनव्हॉइसमधला १९ टक्के व्हॅट तुमचा नाही, तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. उरलेल्यातला मोठा हिस्सा आयकर आणि आरोग्य विम्याचा, कारण विम्याचा पूर्ण हप्ता तुम्हीच भरता, निम्मा देणारा मालक नसतो. खरा धक्का दुसऱ्या वर्षी बसतो. पहिल्या वर्षाचा कर एकरकमी येतो आणि त्याच पत्रात चालू वर्षाचे आगाऊ हप्तेही, १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. ते पत्र नेमकं दोन करारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यात आलं तर माणूस खचतो. तेव्हा एक लक्षात ठेवा: काम थांबलं की आगाऊ कर कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो, आणि सरकारी आरोग्य विम्यात उत्पन्न एक चतुर्थांशाहून जास्त घटलं असेल तर हप्ताही कमी करून मिळतो. स्वतः मागावं लागतं, आपोआप कोणी करत नाही. चांगला श्टॉयरबेराटर म्हणजे करसल्लागार पहिल्याच महिन्यात गाठा. बेरोजगारी विमा स्वेच्छेने घेता येतो, पण त्याआधी काही काळ नोकरीत विमा भरलेला असावा लागतो आणि स्वतंत्र काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांत अर्ज लागतो. थेट फ्रीलान्सर म्हणून आलात तर हे दार बंद असतं.

परवान्याचं मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आलो होतो. आमचा सगळा विभागच बंद झाला आणि हाती फक्त फ्रीलान्स काम होतं, म्हणून रहिवास कायद्याच्या कलम २१ खाली परवाना बदलून घेतला. त्याच्या नूतनीकरणाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने मागितलं: पुढच्या काळाचा करार, किंवा निदान क्लायंटचं इरादापत्र. क्लायंटच्या खरेदी विभागाने करारासाठी मागितलं: पूर्ण मुदतीचा रहिवास परवाना. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. मी दोघांना एकमेकांची पत्रं नेऊन दाखवली. शेवटी कार्यालयाने फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग दिलं, म्हणजे निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना चालू आहे असं सांगणारा कागद. कायद्याने तो पुरेसा आहे. खरेदी विभागातल्या बाईंनी असा कागद कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी तो त्यांच्या कायदा विभागाकडे पाठवला आणि तिथे तो पडून राहिला. काम होतं, क्लायंटला मी हवा होतो, मी घरी बसून होतो. कोणाचाच दोष नाही असं म्हणणं मला अजूनही जमत नाही.

आता माझ्या मुलीचं. हे लिहू की नको असं झालं, पण तुमचा मुलगा दुसरीत आहे म्हणून लिहितो.

बायर्नमध्ये चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मेच्या सुरुवातीला एक प्रगतिपत्रक मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे १ सर्वांत चांगला. माझ्या मुलीची सरासरी २.६६ आली, जर्मनमुळे. गणित उत्तम होतं. तीन दिवसांची एक चाचणी असते, प्रोबेउंटरिश्ट. ती देऊन गिम्नाझियमचा प्रयत्न करता येतो. तिच्या बाईंनी सुचवलंही. पण माझा करार ३० जूनला संपत होता आणि पुढचं काम शेजारच्या राज्यात मिळण्याची लक्षणं होती, तिथे शाळांचे नियम वेगळे. आम्ही दोघं रात्र रात्र बोलत बसायचो. दहा वर्षांच्या पोरीला त्या चाचणीला बसवायचं, आणि महिन्याभरात गावच बदललं तर? आम्ही बसवलं नाही. एक्स्टेन्शन जूनच्या शेवटच्या आठवड्यात आलं. आम्ही कुठेच गेलो नाही.

ती आज रेआलशूलेत खूश आहे, दहावीनंतर पुढे शिकायच्या वाटा आहेत, मला सगळं माहीत आहे. निर्णय चूक होता की बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही. सलतं ते इतकंच, की तिच्या शाळेचा प्रश्न तिच्याकडे पाहून सुटला नाही, माझ्या कराराच्या तारखेकडे पाहून सुटला. पगाराचं, कराचं, परवान्याचं सगळं अनिश्चित मी पेललं आणि पुन्हा पेलेन. हे एक मी घरात येऊ द्यायला नको होतं असं वाटतं, आणि ते न येऊ देण्याचा मार्ग तेव्हा होता का, हेही कळत नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. असतो. भाषा आली की कमी होतो, बी१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन जरूर शिका. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

तर येऊ का? या करारावर, असं, नका येऊ असं मी म्हणेन. आधी नोकरी घेऊन ब्लू कार्डवर या. बी१ भाषा असेल तर २१ महिन्यांत, नाहीतर प्राथमिक जर्मनवर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना, नीडरलासुंग्सएरलाउबनिस, मिळू शकतो. त्यानंतर फ्रीलान्स करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि माझ्यासारखी कागदांची ती फेरी तुमच्या वाट्याला येत नाही. थेट फ्रीलान्सर म्हणून आलात तर तोच परवाना साधारण पाच वर्षांवर जातो. तोवर मुलगा चौथी ओलांडून गेलेला असेल, आणि ते वर्ष कुठल्या तरी करारमुदतीच्या शेवटाशी गाठ घालूनच येईल.

तरीही यायचंच ठरलं, तर दोन गोष्टी कराराच्या मसुद्यात बघा. मुदतीआधी करार संपवण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का. आणि कुन्डेनशुट्झचं कलम, म्हणजे एजन्सीला वगळून त्याच क्लायंटकडे किती महिने जाता येणार नाही. पत्नींनाही कामाची परवानगी त्यांच्या परवान्यावर आहे का हे पाहा. एका घरात दोन उत्पन्नं असली की जानेवारी निम्मा सोपा होतो. आणि घर शोधताना दोघांपैकी ज्याच्याकडे पगाराच्या स्लिपा असतील त्याच्या नावाने अर्ज करा. तीन महिन्यांच्या स्लिपा मागणाऱ्या घरमालकाला फ्रीलान्सरची इनव्हॉइसं दाखवून पटवणं फार अवघड जातं.

मसुदा आला की मला पाठवा. मी तो ओळीओळीने वाचेन.