फरशी उचलायच्या आधी

निम्मा चहा तसाच ठेवून गेलास काल, म्हणून लिहितेय. फोनवर तू नुसतं हो मॅडम, हो मॅडम करशील.

उत्खननाच्या साईटवर सगळे म्हणतायत चर्चची फरशी एकदाची उचला, खाली सातवाहन आहे, पोर्तुगीज थरावर थीसिस कोण करतं. आणि आता तुलाच वाटायला लागलंय की आपण चुकीच्या ट्रेंचमध्ये बसलोय. अरे, ट्रेंच चुकीची नसते. फरशी उचलायला माझी ना नाही, पण आधी नोंद, मग कुदळ.

तुझ्याएवढी असताना कोकणातल्या एका साईटवर आम्ही अशीच फरशी दोन दिवसांत काढली. चुन्याचा थर, खाली जांभ्याचा भराव, आणि त्यात खिळे सापडायला लागले, गंजलेले, बोटाएवढे, ओळीने. मी ते सगळे एका पिशवीत भरले. ओळीने होते हे माझ्या डोक्यात होतं, वहीत नव्हतं. शवपेटीचे खिळे होते रे ते, लाकूड कधीच कुजून गेलेलं, ती ओळ म्हणजेच पेटी आणि ती मी पिशवीत ओतली. किती जण पुरले होते, डोकी कुठल्या दिशेला होती, आता कोण सांगणार? खाली विटा मिळाल्या, रिपोर्टात त्यांचे फोटो आले, चर्चला दोन ओळी. त्या दोन ओळी मीच लिहिल्यात.

जुन्या गोव्याचं सेंट ऑगस्टिन चर्च तू पाहिलंयस. १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला मनोऱ्याचा मोठा भाग पडला, येणाऱ्याजाणाऱ्याला नुसता जांभ्याचा ढिगारा. जॉर्जियाची राणी केतेवान, १६२४ ला शिराझमध्ये हाल करून मारली तिला, तिच्या काही अस्थी ऑगस्टिनियन पाद्र्यांनी इथे आणल्या. कागदात लिहिलेलं की चॅप्टर चॅपेलमध्ये, म्हणजे मठाच्या सभेच्या प्रार्थनाघरात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. आता खिडकी दुसरी कुठली हे कळायला आधी चॅपेल कुठलं ते कळलं पाहिजे, त्यासाठी पडलेल्या भिंतींचा प्लॅन पाहिजे, म्हणजे परत वही आणि टेप. तिथे सापडलेल्या हाडांचा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए झाला तेव्हा एका हाडात यू१बी हा आईकडून येणारा वंशगट निघाला, भारतातल्या हजारो नमुन्यांत नाही आणि जॉर्जियाकडे आहे असा. बाकी दोन अस्थींचे गट मात्र इथलेच निघाले. कुठलं हाड कुठून उचललं हे लिहिलेलं नसतं तर तिन्ही सारखीच की. २०२१ ला ती अस्थी जॉर्जियाला सुपूर्द झाली. आधी नोंद, मग कुदळ, मी काय वेगळं सांगतेय?

आणि वरचा थर, खालचा थर ही भाषाच सोड. अलिबागजवळचं चौल घे. पेरिप्लसमध्ये, म्हणजे त्या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत, सेमिल्ला, कान्हेरीच्या लेखांत चेमुल, आणि त्याच बंदरावर रेवदंड्याच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची चर्चं, नारळाच्या वाड्यांत उभी. जहाजं तिथे का यायची हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे ना? मग सातवाहनांचं खापर धुवून, नंबर घालून ठेवायचं आणि पोर्तुगीज थरातला चिनी मातीचा निळा तुकडा पोत्यात, असं का?

मला हळू म्हणायचे. सीझन संपत आला तरी हिची ट्रेंच अर्धी, असं माझ्यासमोर बोलले, पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्या पिशवीनंतर मी एकही खिळा न मोजता उचलला नाही, आणि मी बरोबरच होते, आजही म्हणते. माझ्या त्या अर्ध्या ट्रेंचची ड्रॉइंग्ज आजही पोरं मागायला येतात, पुऱ्या झालेल्यांची कोणी मागत नाही.

तू घाबरू नकोस, बोलायचं ते मी बोलेन तुमच्या सरांशी. पण काम तुझं तू कर. फरशीचा एकेक दगड नंबर घालून प्लॅनवर घे, जिथे चुन्याचा रंग बदलतो तिथे थांब, तो बहुतेक कबरीसाठी फोडून परत भरलेला भाग असेल. चुना नीट राहिलाय तिथे हाडं मिळू शकतात, नुसत्या आंबट जांभ्यात फारशी टिकत नाहीत, म्हणून तिथे कुदळ नाही, ट्रॉवेल आणि ब्रश. खिळा दिसला की जागेवरच ठेव, खोली घे, फोटो घे, मग उचल.

शनिवारी येरवड्याला लायब्ररीत आहे मी, अकरापर्यंत ये. वही आण, लॅपटॉप नको. आणि पूर्वेकडच्या सेक्शनचं, ट्रेंचच्या त्या उभ्या कडेचं, ड्रॉइंग अजून पेन्सिलीतच असेल तर शुक्रवारी रात्री बसून पुरं कर, मी तेच आधी बघणार आहे.