न्यायासन कुणाचं?

प्रिय मुली,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विहीर खणताना दरड कोसळून गेलेला तो माणूस, त्याची तरुण बायको, आणि दफनाच्या चौथ्या दिवशी तुझ्या दारात येऊन बसलेले मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे एक वडीलधारे कारभारी. उपासना चुकवून रविवारी कामावर गेला म्हणून देवाने त्याचा न्याय केला, आणि येत्या रविवारी तू उपदेशात तेच सांगावंस, असा त्यांचा हट्ट. नाही सांगितलं तर तुझा अधिकार कसला, असंही ते म्हणाले.

तसा उपदेश तू करू नकोस. पण 'देव प्रेमळ आहे, तो कशाला न्याय करेल' अशी पळवाटही काढू नकोस. माझ्या आजीला गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवायला बंदी होती. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. जिथे लाच चालत नाही, जात विचारली जात नाही, असा एक न्याय व्हायचा आहे, या विश्वासावर ती बाई ताठ मानेने जगली. ९६वं स्तोत्र काढून बघ. परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं आनंदाने गातात. ज्याला इथे कधी न्याय मिळाला नाही, त्यालाच ही झाडं का गातात ते कळतं. तिच्याकडून तो न्याय काढून घ्यायचा अधिकार मला नाही आणि तुलाही नाही.

प्रश्न आहे तो त्या आसनावर बसायचं कुणी, हा.

ग्रीसमध्ये करिंथच्या जुन्या बाजारपेठेच्या अवशेषांत एक दगडी चौथरा आहे. अशा चौथऱ्याला ग्रीकमध्ये 'बेमा' म्हणत. आपल्या बायबलात तोच शब्द 'न्यायासन' म्हणून येतो. साधारण इ. स. ५१ च्या सुमारास गल्लियो हा रोमी सुभेदार न्यायासनावर होता आणि लोकांनी ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला त्याच्यापुढे आणून उभं केलं. गल्लियोने फिर्याद उडवून लावली. मग जमावाने सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला तिथेच, न्यायासनासमोर, बडवलं, आणि सुभेदाराने लक्षसुद्धा दिलं नाही. पुढे काही वर्षांनी पौलाने त्याच करिंथकरांना लिहिलं की आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर प्रकट व्हायचं आहे. ज्यांचं रोजचं जाणंयेणं त्या चौथऱ्यावरून, त्यांना हा शब्द कसा लागला असेल, विचार कर. आणि 'आपल्या सर्वांना' हेही नीट वाच. पौलाने स्वतःला वगळलेलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात हाच शब्द रोमी सुभेदार पिलातासाठी आहे. पिलात आसनावर, येशू समोर उभा. निर्दोष आहे हे कळत असूनही त्याने शिक्षा दिली. आपण उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो तेव्हा पंतय पिलाताचं नाव घेतो, आणि थोडं पुढे जाऊन म्हणतो की जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. तो म्हणजे ज्याचा चुकीचा न्याय झाला, तोच. योहानाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो की पित्याने न्याय करण्याचा सगळा अधिकार पुत्राला दिला, आणि कारण सांगतो ते हे की तो मनुष्याचा पुत्र आहे. आरोपीच्या जागी उभं राहून आलेला न्यायाधीश! ख्रिस्ती श्रद्धेत मला सर्वांत जास्त धीर याचाच वाटतो, आणि सर्वांत जास्त भीतीही.

येशूच्या काळी यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही लोकांच्या मनात तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांसारखाच हिशेब होता. ते इतरांहून जास्त अपराधी होते का? येशू स्पष्ट 'नाही' म्हणाला. मग लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांवरचा निकाल त्याने दिला नाही, जिवंतांना मात्र सोडलं नाही. या रविवारी लूक १३ घे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. पाळकपणाच्या दुसऱ्या वर्षी दारूने गेलेल्या एका माणसाच्या मातीला मी कबरेपाशी उभा राहून त्याच्या नरकाबद्दल बोललो. लोकांनी 'आमेन' म्हटलं. मला वाटलं, काय अधिकाराने बोललो आपण! त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे एकटक बघत होता. तो पुढे कधी चर्चमध्ये आला नाही. मी न्यायासनावर चढून बसलो होतो, आणि ती जागा माझी नव्हती.

तुझ्या अधिकाराचं म्हणशील तर, तो आहेच. पण तो कुणासमोर वापरायचा हे बघ. ३९० साली रोमी सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरात कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, त्याने एकट्यानेच वाचावं म्हणून: पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्यासमोर मी प्रभुभोजन विधी करणार नाही. सम्राटाने जाहीर पश्चात्ताप केला. अँब्रोज यांचं सगळंच मला पटत नाही, पण इथे अधिकार हत्यार हाती असलेल्या माणसापुढे उभा राहिला. तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांना तो एका विधवेवर चालवायचा आहे.

तेव्हा त्यांना एकटं गाठ, चारचौघांत नको. नम्रपणे बोल, ते तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. पण विचार, रविवारीसुद्धा कामाला न जाऊन चालणार नव्हतं, इतकी त्या घराची ओढाताण मंडळीत कुणाला ठाऊक होती का? मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्याला जेवण दिलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, हे विचारलं जातं. तो प्रश्न आपल्याला आहे, त्या मेलेल्या माणसाला नाही.

आणि रविवारच्या आधी त्या बाईकडे जाऊन ये. तिने आपणहून विचारलं, 'हा देवाचा न्याय होता का?' तर 'नाही' म्हण, येशूच्या शब्दांवर म्हण. नाही विचारलं तर उपदेश करू नकोस, बसून राहा. जाताना ज्वारीचं पीठ घेऊन जा. आठवडा झाला, घरातलं संपत आलं असेल.

तुझा,
काका